वाचून दाखविणारा विद्यार्थी : अहमदनगर जिल्ह्यातील प्रसारमाध्यमे, महाविद्यालयीन युवक आणि ग्रामसमाज (विशेष संदर्भ : श्रीगोंदा)

प्रस्तावना

प्रसारमाध्यमांचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम हा विषय आपल्याकडे बहुधा निवाड्याच्या स्वरूपात मांडला जातो. माध्यमे तारक की मारक, असा प्रश्न विचारावयाचा, दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे द्यावयाचे आणि विवेकाने वापर करावा असे सांगून थांबावयाचे, हा निबंधस्पर्धांचा शिरस्ता चर्चासत्रांतूनही पाळला जातो. या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. विद्यार्थी हा माध्यमासमोर एकटा बसलेला ग्राहक आहे, आणि माध्यम व विद्यार्थी यांच्यामध्ये किंवा त्यांच्याभोवती तिसरे कोणीही नाही, हे ते गृहीतक होय. ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिल्यास ते टिकत नाही. येथे शिकलेला मुलगा वा मुलगी वृत्तपत्र स्वतःसाठी वाचीत होती त्याहून अधिक इतरांसाठी वाचीत होती. वाचता न येणाऱ्या समाजात वाचता येणाऱ्या व्यक्तीचे एक स्थान असते. त्या स्थानाला जबाबदारी असते, प्रतिष्ठा असते आणि काही प्रमाणात सत्ताही असते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात या स्थानाचा इतिहास सलगपणे तपासता येतो. मराठीतील एक अत्यंत जुने नियतकालिक या जिल्ह्यात जन्मले, खेड्यातून निघणारे व खेड्यासाठी चालविलेले वृत्तपत्र येथे अर्धशतकाहून अधिक काळ टिकले आणि नभोवाणीच्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगातही या जिल्ह्याचा समावेश होता. प्रस्तुत निबंधात हे तीन टप्पे, त्यानंतरची दूरचित्रवाणी आणि आजचा भ्रमणध्वनी यांचा विचार 'वाचून दाखविणारा' या एकाच भूमिकेच्या अनुषंगाने केला आहे. श्रीगोंदा तालुका हा त्याचा विशेष संदर्भ आहे. पुणे व नगर या दोन केंद्रांच्या मध्ये वसलेला, विद्यापीठाशी संलग्न पण विद्यापीठापासून दूर असलेला हा तालुका या प्रश्नाच्या दृष्टीने बोलका ठरतो.

छापखान्यापूर्वीचे श्रवण

श्रीगोंद्याची सांस्कृतिक ओळख संत शेख महंमद यांच्याशी निगडित आहे. सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचणाऱ्या या मुसलमान संतकवीची समाधी श्रीगोंद्यात आहे. त्या काळी ग्रंथ लोकांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे हस्तलिखित पोथी आणि तिचे सामूहिक श्रवण. एकाने ओवी वाचावयाची, त्याने वा दुसऱ्या जाणत्याने तिचा अर्थ सांगावयाचा आणि भोवतालच्यांनी ऐकावयाचे. ऐकणाऱ्याला मध्येच थांबवून शंका विचारण्याची मुभा असे. पारायणाची ही घडी आजही मोडलेली नाही. घरातील शिकलेल्या नातवाला वा सुनेला पोथी वाचावयास बसविणारी कुटुंबे तालुक्यात अद्याप आहेत. पुढे वृत्तपत्र आले तेव्हा ते या तयार घडीत बसले, हे ध्यानात घेतल्याखेरीज ग्रामीण भागातील वृत्तपत्रवाचनाचा उलगडा होत नाही.

'ज्ञानोदय' ते 'दीनमित्र'

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथून 'ज्ञानोदय' काढले. काही वर्षांतच ते मुंबईस हलविण्यात आले, तरी त्याचा जन्म नगरचा. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघडच आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मुलगी तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. म्हणजे मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच शाळेत शिकणारी एक मुलगी माध्यमाची लेखिका झाली आणि आपल्या समाजाचे म्हणणे तिने त्या समाजाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेले. माध्यमे व विद्यार्थी यांच्या संबंधाची चर्चा करताना विद्यार्थ्याला केवळ परिणाम भोगणारा मानण्याची सवय किती एकांगी आहे, हे दाखविण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे. श्रीगोंद्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्यास २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या शाळेतील या विद्यार्थिनीचा निबंध इतिहासाप्रमाणेच वृत्तविद्येच्या अभ्यासक्रमातही वाचला जावयास हवा.

परंतु नगर जिल्ह्याचे खरे वैशिष्ट्य 'दीनमित्र' हे आहे. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढून सत्यशोधक विचारांस वृत्तपत्र मिळवून दिले. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी गणपतराव पाटील यांच्या पूर्वीच्या नियतकालिकाचे नाव पुढे चालवून १९१० मध्ये पाथर्डी तालुक्यातील सोमठाणे येथून 'दीनमित्र' सुरू केले. पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडी येथून निघू लागले आणि मुकुंदरावांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, चालले. सत्तावन्न वर्षे हा कालखंड शहरी वृत्तपत्रांनाही सहज साधलेला नाही. खेड्यातून, शेतकऱ्यांसाठी व शेतकऱ्यांच्या भाषेत चाललेल्या पत्राने तो साधला याचे नवल अद्याप पुरेसे वाटून घेतले गेलेले नाही.

१९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे सहा टक्के होते. ज्या कुणबी-माळी-धनगर समाजासाठी हे पत्र निघत होते त्यातील बहुसंख्यांना ते वाचता येणे शक्यच नव्हते. तेव्हा 'दीनमित्र' टिकले याचा अर्थ असा की, एका वर्गणीदारामागे अनेक श्रोते होते. पत्राची भाषाही त्याची साक्ष देते. छोटी वाक्ये, थेट प्रश्न, म्हणींचा व उपहासाचा मुक्त वापर ही वैशिष्ट्ये डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्यास अधिक सोयीची आहेत. मुकुंदरावांनी १९१३ च्या सुमारास लिहिलेले 'कुलकर्णी लीलामृत' हेही पद्यात आहे व त्याचा घाट पोथीचा आहे. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या समाजासाठी त्यांनी पोथीचाच घाट घेतला, आणि आशय मात्र उलटा भरला.

या काव्याचा विषय येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. गावचा कुलकर्णी हा गावातील दप्तर वाचू-लिहू शकणारा मनुष्य. जमीन कोणाच्या नावावर, सारा किती, कर्जरोख्यात काय लिहिले आहे, हे तो सांगेल ते खरे. वाचता येणाऱ्याने वाचून न दाखविल्यास अथवा चुकीचे वाचून दाखविल्यास काय होते, याचा अनुभव शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी घेतला होता. सत्यशोधकांचा शिक्षणाचा आग्रह या अनुभवातून आलेला आहे. आपल्या घरात एक तरी वाचणारा असावा, ही बहुजन समाजातील शिक्षणाची आद्य प्रेरणा नोकरीच्या प्रेरणेहून जुनी आहे. मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याचा कायदा १९५० मध्ये झाला. तोपर्यंत त्या घरांतून पहिले विद्यार्थी शाळांत पोहोचले होते.

महाविद्यालय मात्र दूर होते. जिल्ह्यात डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू केले, तोवर पदवीसाठी पुण्याची वाट धरावी लागे. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला व तो श्रीगोंदा तालुक्यातून जातो. 'श्रीगोंदा रोड' नावाचे स्थानक आहे, पण त्या नावातील 'रोड' या शब्दातच स्थानक गावापासून लांब असल्याची कबुली आहे. सुटीत पुण्याहून परतणारा विद्यार्थी त्या मार्गाने येई व पुण्याची वृत्तपत्रेही त्याच मार्गाने येत. १९३२ मध्ये ना. भि. परुळेकर यांनी 'सकाळ' सुरू केल्यावर बाजारभाव, पाऊसपाणी व गावोगावच्या घडामोडी यांना दैनिकात जागा मिळू लागली. वाचून दाखविण्यासारखा मजकूर त्यामुळे वाढला.

नभोवाणीचा प्रयोग : १९५६

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांत, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने 'शेतकरी नभोवाणी मंडळां'चा प्रयोग राबविला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. कॅनडातील शेतकरी मंडळांचा नमुना समोर होता. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्याचे सूत्र. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी त्याचे नेतृत्व केले आणि जगदीशचंद्र माथुर व न्यूरथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

या अहवालाकडे महाराष्ट्रातील इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. तो कृषिविस्तार किंवा जनसंज्ञापन या विषयांच्या अभ्यासकांच्या हवाली करून आपण मोकळे झालो. वस्तुतः ग्रामीण समाजातील ज्ञानव्यवहाराचा तो अस्सल दस्तऐवज आहे. संशोधकांनी तीन प्रकारची गावे निवडली होती : मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओ नसलेली. मंडळ असलेल्या गावांत ज्ञानात लक्षणीय वाढ झाली. जेथे केवळ रेडिओ होता तेथे ती नगण्य ठरली. यंत्र तेच, लहरी त्याच, कार्यक्रम तोच. फरक होता तो ऐकल्यानंतर बसून बोलणाऱ्या पंधरा-वीस माणसांचा, आणि त्यांच्यातील एका लिहू शकणाऱ्या माणसाचा.

हा लिहिणारा माणूस म्हणजे मंडळाचा चिटणीस. सभा बोलाविणे, चर्चेचा वृत्तान्त लिहिणे व मंडळाचे प्रश्न पुण्याला पाठविणे हे त्याचे काम. पाठविलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. म्हणजे चावडीवरची शंका नभोवाणीवरून परत येई. 'दीनमित्र' वाचून दाखविणाऱ्याच्या भूमिकेत येथे एक भर पडली. तो आता वरून खाली वाचीत होता व खालून वर लिहीतही होता. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशातील साक्षरता अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास होती हे पाहता, असा चिटणीस प्रत्येक गावात मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. बहुधा शिक्षक वा ग्रामसेवक हे काम पाहत. शिकून गावी राहिलेल्या तरुणाला गावाने दिलेले स्थान ते हेच. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढली, परंतु प्रश्नांना उत्तर देणारी ती जवळीक राहिली नाही आणि पुढे संख्या कागदोपत्रीच उरली. शासकीय योजनांच्या इतिहासात हे नवे नाही.

दूरचित्रवाणी आणि 'देशव्यापी वर्ग'

दूरचित्रवाणीच्या काळात विद्यार्थ्याची ही भूमिका प्रथमच अनावश्यक ठरू लागली. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिका प्रसारित होत असताना गावेच्या गावे एका संचासमोर जमत. तेथे श्रवण सामूहिक होते, परंतु अर्थ सांगणाऱ्याची गरज नव्हती. चित्र स्वतःच सांगत होते. रविवारी सकाळी पोथीवाचक व श्रोता एकाच सतरंजीवर, एकाच दर्जाने बसले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम संशोधन केंद्र त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या देशातील आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. लहान गावांतील महाविद्यालयीन विद्यार्थी हा या योजनेचा घोषित श्रोता. म्हणजे श्रीगोंद्यासारख्या ठिकाणचा विद्यार्थीच. मात्र कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत होते आणि दुपारी, तासांच्या वेळी, प्रसारित होत. १९५६ च्या प्रयोगाने जे सिद्ध केले होते त्याची आठवण आयोगाला राहिली नव्हती. संच दिला की शिक्षण झाले, अशी समजूत पुन्हा प्रबळ झाली. हीच समजूत पुढे संगणक कक्ष, भाषा प्रयोगशाळा व स्मार्ट बोर्ड यांच्या रूपाने आपल्या महाविद्यालयांत फिरत राहिली आहे. मूल्यांकनाच्या अहवालात उपकरणांची संख्या विचारली जाते. त्या उपकरणांभोवती कोण बसून बोलते, हा रकाना त्यात नसतो.

विद्यापीठाच्या नभोवाणीचेही असेच झाले. २००२ नंतर शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची परवानगी मिळाली व पुणे विद्यापीठाने 'विद्यावाणी' सुरू केली. अशा केंद्रांची क्षमता काही मैलांपुरतीच असते. सुमारे शंभर किलोमीटरवरील श्रीगोंद्यात विद्यापीठाचे परिपत्रक पोहोचते, त्याचा आवाज पोहोचत नाही. माध्यमांतून वाचून दाखविण्याची परंपरा महाविद्यालयात जिवंत राहिली ती १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांत. पथनाट्य, ग्रामसर्वेक्षण, रात्रीचे व्याख्यान ही साधने जुनी वाटतात. पण तेथे विद्यार्थी गावासमोर उभा राहून बोलतो व गाव त्याला उलट प्रश्न विचारते.

हातातील पडदा

श्रीगोंद्याच्या शेजारच्या दोन तालुक्यांनी गेल्या पंधरा वर्षांत माध्यमांचे दोन प्रसंग पाहिले. २०११ मध्ये पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या दिल्लीतील उपोषणामुळे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे जिल्ह्यात आले आणि एका खेड्यातला माणूस देशभरच्या महाविद्यालयीन तरुणांचा नायक झाला. येथे संदेशाची दिशाच पालटली होती. खेडे बोलत होते व शहर ऐकत होते. २०१६ च्या जुलैमध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथील अल्पवयीन मुलीवरील अत्याचार व हत्येनंतर मराठा क्रांती मोर्चे निघाले. त्यांतील पहिला ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे निघाला. प्रस्थापित नेत्यांना व्यासपीठ न देता शाळा-महाविद्यालयांतील मुलींनी निवेदने वाचली. वाचून दाखविणारी विद्यार्थिनी लाखोंसमोर उभी राहिली. या मोर्चांचे संघटन मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲप व फेसबुकवरून झाले. त्यांच्या मागण्यांत ॲट्रॉसिटी कायद्याविषयीची मागणी होती, आणि त्या कायद्याच्या समर्थनार्थही मोर्चे निघाले.

येथे एक अवघड बाब नोंदविणे भाग आहे. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांतील भ्रमणध्वनींवर त्या काळात वेगवेगळ्या गटांचे वेगवेगळे संदेश येत होते. 'दीनमित्र' उघडपणे पक्षपाती पत्र होते, याबद्दल दुमत नाही. तथापि ते चारचौघांत वाचले जाण्याजोगे होते व ज्याच्यावर टीका आहे तोही ते ऐकू शकत होता, त्यावर भांडू शकत होता. बंद गटातील संदेश ज्याच्याविषयी आहे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे त्याचे खंडन होण्याची सोय नाही. विद्यार्थ्यांच्या वाचनात झालेली घट हा आपल्या चर्चासत्रांचा आवडता विषय आहे. परंतु वाचन घटले यापेक्षा उलट प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांसमोरचे वाचन घटले, हा बदल अधिक खोल आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सेवा सुरू झाल्यावर स्वस्त डेटा खेड्यात आला. २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीत वर्ग त्याच पडद्यावर गेला. अंतिम वर्षाच्या परीक्षांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ऑगस्ट २०२० मध्ये निकाल आला. त्यानंतर विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन व ऑफलाइन अशा दोन्ही पर्यायांनी परीक्षा घेतल्या. घरात एकच स्मार्टफोन आणि शिकणारी मुले दोन किंवा तीन, अशा कुटुंबांत तो आधी कोणाच्या हाती जाई, हे बहिणींनी शिक्षकांना सांगितले आहे. उपस्थितीपत्रकात त्याची नोंद नाही.

तरीही वाचून दाखविण्याचे काम संपलेले नाही. २०११ मध्ये जिल्ह्याची साक्षरता एकोणऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचली होती, पण अक्षर ओळखणे व शासनाचा अर्ज भरणे यांत अंतर आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीचे ॲप आले. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करावयाची, अशी ही योजना. कुकडी व घोडच्या कालव्यांखालील श्रीगोंद्याच्या ऊस पट्ट्यात, तशीच तालुक्याच्या जिरायत भागात, अनेक घरांतून ही नोंद प्रत्यक्षात करतो तो महाविद्यालयात जाणारा मुलगा वा मुलगी. सातबारा उतरवून घेणे, शेतकरी सन्मान निधीचा हप्ता आला की नाही हे पाहणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, ही कामेही त्यांच्याकडेच येतात. शेजारचे आजोबा भ्रमणध्वनी घेऊन ओट्यावर येतात ते बातमी ऐकण्यासाठी नव्हे, तर संदेशात आलेला आकडा काय सांगतो हे विचारण्यासाठी. जे दप्तर एकेकाळी कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेले असे ते आता विद्यार्थ्याच्या बोटाखाली आहे. गट क्रमांक चुकला, पिकाचे नाव चुकले, तर नुकसानभरपाई जाते, आणि वाचणाऱ्याने काय वाचले हे तपासण्याचे साधन आजोबांपाशी पूर्वीइतकेच थोडे आहे.

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात या कामाला स्थान नाही. वृत्तविद्या व जनसंज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांत संदेश, वाहिनी व ग्राहक यांच्या आकृत्या आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या अहवालांत वृक्षारोपणाच्या नोंदी आहेत, आणि ओट्यावरचे हे वाचन दोन्हींच्या बाहेर, दररोज संध्याकाळी, चालू आहे.